पुसलेली हिस्टरी आणि मितेशचा हवालदार

संगणकातली हिस्टरी पुसायला साधारण चार सेकंद लागतात. मी घड्याळ लावून मोजलेलं आहे. ते चार सेकंद निस्तरायला मला सोळा दिवस लागले, दोनदा ओरोसची एस.टी. धरावी लागली, आणि वाडीतल्या सतरा माणसांना एकाच वेळी चहा द्यावा लागला, तोही दोन घरांतून कप गोळा करून. माझा विषय भौतिकशास्त्र. कारण आणि परिणाम यांच्यात काहीतरी प्रमाण असतं अशी माझी समजूत होती. आता नाही.

मला जे लपवायचं होतं ते लाजिरवाणं मुळीच नव्हतं. गोव्यातल्या एका समुद्रविज्ञान संस्थेत प्रकल्प सहायकाच्या जागा निघाल्या होत्या आणि मी अर्ज केला होता. एवढंच. पण घरी सांगितलं नव्हतं, आणि त्याला सबळ कारण होतं. आदल्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, मी प्राध्यापकीसाठी लागणारी पात्रता परीक्षा दिली होती. ही गोष्ट आईने विहिरीवर फक्त एका बाईला सांगितली. मी चार गुणांनी नापास झाले आणि पुढचे आठ महिने वाडी मला निकाल विचारत राहिली. निकाल सांगून झाल्यावरसुद्धा. 'रिजल्ट इलो काय गो?' असं विचारणाऱ्यांची मी एका वहीत नोंद ठेवली होती. त्रेचाळीस माणसं, त्यांतली अकरा एकापेक्षा जास्त वेळा, आणि गिरणवाला दर गुरुवारी, पिठाचा डबा हातात देता देता. बरं, कोणाच्याही विचारण्यात वाईट हेतू नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. वाईट हेतूने विचारणाऱ्याला निदान फटकारता तरी येतं. मायेने विचारणाऱ्यापुढे माणूस पुन्हा पुन्हा नापास होतो.

म्हणून या वेळी ठरवलं होतं, नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत एका माणसालाही कळू द्यायचं नाही.

आमचा संगणक पडवीत होता. बाबांनी घराच्या मागच्या दोन खोल्यांना टाईल्स बसवून पर्यटकांसाठी न्याहारी-निवास सुरू केला होता आणि त्याच्या बुकिंगसाठी मे महिन्यात हे यंत्र घेतलं होतं. घेतलं म्हणजे माझ्या आतेभावाने, मितेशने, निवडलं, जोडलं, त्यावर न्याहारी-निवासाचा इमेल उघडून दिला आणि तो बोटीवर नोकरीला निघून गेला. टेलिफोनची तार पडवीच्या पुढे येईना, म्हणून टेबल तिथेच. पडद्याचं तोंड रस्त्याकडे, कारण आपल्याकडे कंप्युटर आहे हे येणाऱ्या पाहुण्याला लांबूनच दिसलं पाहिजे असं बाबांचं मत. शेजारचे लवूकाका रोज सकाळी बाकावर बसून तो पडदा वर्तमानपत्रासारखा वाचायचे. लवूकाकांची होडी आहे. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात, आणि त्यांची निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडे उतरलेली माणसं असतात, त्यामुळे आमच्या पडद्यावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी बाबा रेल्वेचं वेळापत्रक बघायला बसले. बाबा एका बोटाने टाइप करतात, आणि प्रत्येक अक्षरानंतर ते खरंच उमटलं की नाही याची खात्री करून घेतात. त्यांनी पहिलं अक्षर, आर, दाबलं. ब्राउझरने तत्परतेने खाली एक यादी सोडली. रेल्वे चौथी होती. पहिल्या तीन ओळींत मी गेल्या आठवड्यात उघडलेली पानं ओळीने उभी होती, कारण रूमचाही आरच: पणजीत नोकरदार महिलांसाठी खोल्या, दोना पावलाला भाड्याने खोली, आणि तिसरं पुन्हा पणजी.

"ह्या काय गो?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, जाहिराती असतात तशा. हे मी खोटं सांगितलं, पण त्याच दिवशी ते खरं झालं. वर्तमानपत्राचं पान उघडलं तर उजव्या बाजूला पणजीतल्या खोल्या. हवामानाचं पान उघडलं, तिथेही खोल्या. आईला संकष्टीचा चंद्रोदय बघून देत होते, तर तिथेही चंद्राच्या शेजारी 'समुद्रदर्शन, स्वतंत्र न्हाणीघर'. मी ज्या पानावर जाई तिथे त्या खोल्या माझ्याआधी जाऊन बसलेल्या असत.

लवूकाकांनी हे दोन सकाळी पाहिलं आणि तिसऱ्या सकाळी निष्कर्ष काढला, की भिकाजी, म्हणजे माझे बाबा, गोव्यात लॉज काढतोय. दुपारपर्यंत तो निष्कर्ष समुद्रावर पोचला आणि संध्याकाळी मासळीची पाटी घेऊन आलेल्या हिराने आईला दारातच विचारलं की घर कोणाच्या ताब्यात देऊन जाणार. लवूकाका स्वतः दोन दिवस बाकावर बसायला आले नाहीत. चाळीस वर्षांचा शेजार आणि माझा धंदा असा बुडवता होय, असा त्यांनी एका तिऱ्हाइताकरवी निरोप पाठवला. बाबांना यातलं काही कळेना. ते नुसते सगळ्यांना सांगत सुटले की मी पणजीला शेवटचा गेलो तो सत्त्याण्णव साली, दात काढायला.

मग मला पडवीत बसून सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. की आपण एखादं पान उघडतो तेव्हा ते पान आपल्याच संगणकात एक चिठ्ठी ठेवून जातं. तिला कुकी म्हणतात. दुसऱ्या पानावरचा जाहिरातवाला ती चिठ्ठी वाचतो आणि आपण काय बघत होतो हे त्याला कळतं. म्हणून पणजीत खोली कोणीतरी बघितली असेल, कदाचित एखाद्या पाहुण्याने, इतकाच याचा अर्थ. मला वाटलं होतं या स्पष्टीकरणाला तास लागेल. हिराला ते अर्ध्या मिनिटात कळलं. ती स्वतः तेच करते. कोणाकडे सुरमई गेली म्हणजे जावई आलाय, कोणी तीन दिवस काहीच घेतलं नाही म्हणजे उपास किंवा भांडण, हे ती पाटी न उतरवता सांगते.

"म्हंजे ह्यो माझ्यासारकोच," ती म्हणाली. "पण मी तोंडार इचारतंय गो. ह्यो मेलो मागसून बघता."

ऑनलाइन गोपनीयतेची याहून नेमकी व्याख्या मी नंतरही कुठे वाचलेली नाही.

त्या दिवशी दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी ब्राउझरचे सगळे मेनू वरपासून खालपर्यंत वाचून काढले. ज्या यंत्रासमोर आपण सहा महिने बसतो त्याच्या मेनूची शेवटची ओळ आपण कधी वाचलेली नसते, ही गोष्ट मला स्वतःविषयी फार लागली. तिथे खाजगी खिडकीची सोय होती. ती उघडून काहीही पाहावं, मागे खूण राहत नाही. सहा महिने ती माझ्या नाकासमोर होती. पण जे आधीच नोंदलं गेलं होतं त्याचं काय? त्यासाठी त्याच्याच खाली पुसण्याची सोय होती. किती मागचं पुसू, असं त्याने विचारलं. एक तास, दोन तास, आजचं, की सगळं? सगळं. मग एक बारीक बाण होता, तो दाबल्यावर चौकटी उघडल्या: पाहिलेली पानं, भरलेले फॉर्म, कुकीज, आणखी कायकाय. काहींवर टिक होती, काहींवर नव्हती. प्रयोगशाळेत काचेचं भांडं अर्धं धुऊन ठेवत नाहीत. मी सगळ्या चौकटींत टिक केली.

चार सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी नेहमीप्रमाणे न्याहारी-निवासाचा इमेल उघडला आणि पडद्याने मला पासवर्ड विचारला.

हा प्रश्न आमच्या घरात यापूर्वी कधी उद्भवला नव्हता. मे महिन्यात मितेशने 'मला लक्षात ठेवा' या चौकटीत टिक करून ठेवली होती आणि तेव्हापासून यंत्र आम्हाला ओळखत होतं. ती ओळख म्हणजेच एक कुकी होती, आणि मी सगळी भांडी धुतली होती. पासवर्ड फक्त मितेशला माहीत. मितेश समुद्रात. आत्या म्हणाली, बंदर लागलं की तो फोन करतो, पुढचं बंदर पंचवीस दिवसांनी. कुठलं बंदर? ब्राझील की बेल्जियम, ब वरून काहीतरी.

नाताळ महिन्यावर आला होता. किनाऱ्यावरच्या माणसाला नाताळ म्हणजे काय हे सांगायला नको. दोन खोल्यांचं अर्धं वर्ष त्या दहा दिवसांत निघतं आणि त्याची सगळी बुकिंगं इमेलच्या त्या बंद पेटीत येऊन पडत होती. आणि त्याच पेटीत मुलाखतीची सूचना येणार होती. माझा कॉलेजातल्या वेळचा पत्ता न वापरल्यामुळे बंद पडला होता, म्हणून अर्जावर मी न्याहारी-निवासाचाच इमेल लिहिला होता. विचार असा होता की रोज सकाळी पेटी मीच उघडते, ते पत्र बाबांच्या आधी वाचून काढून टाकेन. योजना म्हणून ही वाईट नव्हती. फक्त तिचं सगळं वजन एका चौकटीवर होतं.

बाबांना मी सांगितलं की मी ब्राउझर साफ केला.

"साफ?" ते म्हणाले. "घरात कधी केरसुणी हातात घेतंस नाय, आणि कंप्युटर साफ करूक तुका कोणी सांगलेला?"

यानंतर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. लवूकाका, गोव्याचा गैरसमज दूर झाल्यामुळे बाकावर परत आलेले, म्हणाले की यंत्र बंद करून दोन दिवस थंड होऊ द्यावं, होडीचं इंजिन असंच वठणीवर येतं. दुसऱ्या एकाने डबा उघडून आत फुंकर मारायला सांगितली. बाबांचं तर्कशास्त्र मात्र निराळं आणि माझ्या दृष्टीने जास्त घातक होतं. त्यांचं म्हणणं, तार ज्यांनी दिली कुलूप त्यांचंच. तेव्हा त्या कार्यालयात रीतसर अर्ज करावा. मी त्यांना आकृती काढून दाखवली. आकृती बघून ते म्हणाले की छान काढली आहे, आता अर्ज लिही.

कार्यालयाचं नाव मी घेत नाही, कारण तिथल्या बाईंनी मला न मागता पाणी दिलं होतं. त्यांनी अर्ज घेतला, आवक नोंदवहीत चढवला, शिक्का मारला आणि मग वाचला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, हे ओरोसला, जिल्ह्याच्या कार्यालयात. ओरोसला एका टेबलामागे एक सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी चष्मा बदलून अर्ज वाचला आणि मला शुद्ध मराठीत विचारलं, "पासवर्ड हरवला म्हणजे नक्की कुठे हरवला?"

मी म्हटलं, घरीच.

"पोलिसांत नोंद?"

मी सांगितलं की तो वस्तुरूपाने हरवलेला नाही, आणि खरं तर तो या कार्यालयाचाही नाही. मग अर्ज आमच्याकडे का, असं त्यांनी रास्तपणे विचारलं. वडिलांचा आग्रह, असं मी तितक्याच रास्तपणे उत्तर दिलं. ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही वडील असावेत. शेवटी म्हणाले की विषय आमच्या अखत्यारीत नाही, पण अर्ज आवक झालेला आहे, म्हणजे उत्तर देणं भाग आहे. गुरुवारी रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन या. मी गुरुवारी गेले. उत्तर मिळालं: 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अर्जदाराने संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.' बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं, फाईलला लावलं आणि समाधानाने म्हणाले की निदान सही-शिक्का तरी आहे.

आता एक कबुली. पेटी उघडायचा एक मार्ग मला पहिल्याच दिवसापासून माहीत होता. पासवर्ड विसरलात का, असं दाबलं की यंत्र एक गुप्त प्रश्न विचारत होतं, जो मितेशने निवडला होता: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? दिवसाला पाच प्रयत्न, मग चोवीस तास कुलूप. मी कोणाला न सांगता रोज पाच नावं घालून बघत होते, कारण पेटी मला एकटीला उघडायची होती. मोती, वाघ्या, राजा, टिप्या, काळू. मग मांजरं. मग बैल. पासष्टाव्या नावाला बाबा मागे येऊन उभे राहिले.

"ह्या तुका ठावक होता? आणि माका ओरोसाचो अर्ज लिवूक दिलंस?"

अर्ज मी लिहिला होता, हे मी त्या क्षणी काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी पडवीत सभा भरली. मी एक तक्ता केला होता: प्राणी, नाव, मालक, साल आणि संभाव्यता. शेवटचा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला, कारण सभेला संभाव्यता मान्य नव्हती. प्रत्येकाला खात्री होती. मितेशचं घर आमच्या मागच्या बाजूला, त्यामुळे त्याचं बालपण ही सार्वजनिक मालमत्ता होती. म्हैस पाळीव धरायची का, यावर तीन कप चहा संपला. एकजण म्हणाला की प्रश्नात 'तुमच्या' असं म्हटलं आहे आणि पेटी भिकाजीची आहे, सबब भिकाजीचा पहिला प्राणी पाहिजे. बाबा विचारात पडले आणि म्हणाले की माझ्या लहानपणी घरात एक शेळी होती, पण तिला नाव ठेवण्याइतकी ती राहिली नाही. लवूकाकांनी आपल्या कुत्र्याचा हट्ट धरला. मितेश दिवसभर त्याच्याशीच खेळायचा, असं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी एक प्रयत्न त्या कुत्र्यावर खर्च केला. चूक आल्यावर त्यांना ते मनाला लागलं. मितेश असा निघेल असं वाटलं नव्हतं, म्हणाले.

तिसऱ्या सकाळी, म्हणजे नऊ डिसेंबरला, तीन प्रयत्न वाया गेलेले असताना हिराने पाटी पायरीवर टेकवली आणि गर्दी कसली म्हणून विचारलं. कोणीतरी सांगितलं.

"मितेशाचो पयलो जनावर?" ती म्हणाली. "तो कोंबो नाय काय, हवालदार?"

मग सगळ्यांना एकदम आठवलं. मितेश सहा वर्षांचा असताना त्याने एक कोंबडा वाढवला होता. तो भल्या पहाटे सगळ्यांना उठवायचा आणि अंगणात छाती काढून फिरायचा, म्हणून हवालदार. मितेशच्या थोरल्या बहिणीचा नवरा पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं. हवालदाराची वडे-सागोती झाली. पंगतीला सगळी वाडी होती. मितेश दोन दिवस माडाखाली बसून राहिला आणि जेवला नाही.

"तंगडी माका इलेली," लवूकाका खाली बघत म्हणाले.

इंटरनेटवरची सगळी सुरक्षितता या गृहीतकावर उभी आहे की तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव तुमच्याखेरीज कोणाला माहीत नसतं. आमच्या वाडीने तो प्राणी खाल्लेला होता.

मी नाव घातलं. पेटी उघडली.

सतरा माणसं माझ्या पाठीशी उभी होती आणि चौतीस न वाचलेली पत्रं पडद्यावर. मी वरून सुरुवात केली. पुण्याचं एक कुटुंब, नाताळात तीन रात्री. कोल्हापूरचे दोघे, शाकाहारी मिळेल का. बाबांचा चेहरा प्रत्येक पत्रागणिक उजळत होता. नवव्या ओळीवर संस्थेचं नाव होतं. मी आठव्यावरून शांतपणे दहाव्यावर गेले.

"मधला एक सोडलंस," लवूकाका म्हणाले. इंग्रजी त्यांना येत नाही, पण ओळी मोजता येतात.

मी म्हटलं, जाहिरात आहे. जाहिरात तर जाहिरात, बघू तरी, असं चार आवाज आले. गोव्यातल्या खोल्यांपासून जाहिराती हा वाडीच्या जिव्हाळ्याचा विषय झाला होता. बाबांनी स्वतः वाकून माऊस धरला आणि एका बोटाने दाबला. आणि मग मला ते पत्र मोठ्याने वाचून, मराठीत सांगावं लागलं. प्रकल्प सहायक पदासाठी मुलाखत, सोमवार, चौदा डिसेंबर, सकाळी साडेदहा, मूळ प्रमाणपत्रांसह. जागा किती? दोन. अर्ज किती आले? ठाऊक नाही. तरी पण अंदाजे? पगार? जेवण त्यांचं की आपलं? पणजीतली खोली ती हीच काय? रिझल्ट केव्हा?

बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी चहा घेऊन जा, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ते मागे माडांना पाणी सोडत होते. मी जाऊन उभी राहिले. ते आळ्यात पाणी कुठवर चढतं ते बघत होते.

"तू गोव्याक जातलंस ह्या त्या जाहिरातवाल्यांका आधी कळला," ते म्हणाले. "माका मगे."

मी म्हटलं की जाण्याचं लपवायचं नव्हतं. "हुकला तर परत सगळी इचारतली, बाबा. गेल्या वर्षासारकी. म्हणान कोणाकच सांगूक नाय."

"मी इचारलेलंय?"

मी वहीतली नावं मनात चाळली. आई होती, सहा वेळा. लवूकाका, हिरा, गिरणवाला. बाबांचं नाव कुठेच नव्हतं. आठ महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, आणि माझ्या सगळ्या काटेकोर नोंदींत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"नाय," मी म्हटलं.

त्यांनी पाइप पुढच्या आळ्यात सरकवला.

शनिवारी गावची जत्रा होती. सकाळी देवळासमोर गाऱ्हाणी असतात. गंगाराम मानकरी प्रत्येकाचा नारळ हातात घेऊन रवळनाथाला त्या घराची अडचण सांगतात, आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतो. गंगारामांच्या आवाजाला कर्ण्याची गरज नाही. कोणाचं पोट बिघडलं आहे, कोणाची सून माहेरी बसली आहे, हे देवाबरोबर तीनशे माणसांना कळतं आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. मी खाजगी खिडकीचा विचार करत मागे उभी होते. बाबा नारळ घेऊन पुढे गेले आणि गंगारामांच्या कानाशी लागले.

"बा देवा म्हाराजा, ह्या भिकाजीच्या चेडवाची सोमवारी साडेधा वाजता गोव्याक मुलाखत आसा. थंय समुद्राचा काय ता मोजतत. जागा दोन आसत. तेतूरली एक हिका मिळांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तीनशे माणसं म्हणाली. जमिनीने मला पोटात घ्यावं म्हणून मी त्याच देवाला वेगळा अर्ज केला.

बाबांनी गंगारामांची बाही ओढली आणि पुन्हा कानाशी लागले, या वेळी बराच वेळ. गंगारामांनी मान मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत असलं गाऱ्हाणं त्यांनी घातलं नसावं. मग त्यांनी घसा खाकरला.

"आणि म्हाराजा, जर का काय हुकला-चुकला, तर 'काय झाला गो' म्हणान ह्या चेडवाक कोणी इचारूचा नाय. वाटेर नाय, इहिरीर नाय, गिरणीर नाय. जो कोण इचारीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा."

लवूकाकांचं तोंड उघडंच राहिलं होतं. गिरणवाला आजूबाजूला बघत होता. पण देवासमोर साथ न देणं शक्य नव्हतं.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. जरा उशिराने, आणि जड अंतःकरणाने.

मुलाखत झाली. त्यांनी भरती-ओहोटीबद्दल विचारलं, आणि त्या विषयात मला पुस्तकापेक्षा लवूकाकांच्या होडीमुळे जास्त येत होतं. निकाल तीन आठवड्यांनी. ते तीन आठवडे मला कोणीही काहीही विचारलं नाही, आणि न विचारण्याचा इतका आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. लवूकाका बाकावर येऊन 'वारो पडलो आज' म्हणायचे आणि माझ्या तोंडाकडे दहा मिनिटं बघत बसायचे. गिरणवाला पीठ देताना छपराकडे बघायचा. विहिरीवर मी पोचले की बायका एकदम दोर-बादलीच्या गुणदोषांवर बोलू लागायच्या.

पाच जानेवारीला सकाळी आठ वाजता मी पेटी उघडली. पडवीत कोणी नव्हतं. निवड झाली होती. मला हवं होतं ते सगळं झालं होतं: पत्र एकटीने वाचलं आणि कोणी पाहिलं नाही. आईबाबांना सांगितलं. बाबा ते स्वतः वाचायला बसले, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग मी बाहेर आले आणि लक्षात आलं की मला हे आता कोणालातरी सांगायचं आहे, आणि विचारायला कोणी नाही.

लवूकाका येत होते. मी म्हटलं, निकाल लागला. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"माका सांगू नको गो. मी इचारूक नाय."

मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीच, मीच सांगते आहे. ते म्हणाले की आपण काही वकील नाही, ऐकलेलं विचारण्यात धरतात की काय ते गंगारामालाच माहीत, आणि गंगाराम आंबोलीला लेकीकडे गेलाय, शुक्रवारी येईल. आणि ते होडीकडे निघून गेले. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

तेवढ्यात हिरा आली. तिला मी गाऱ्हाण्यातली अटच दाखवून दिली. गंगारामांनी नेमकं काय म्हटलं होतं? 'जर का हुकला-चुकला तर' विचारायचं नाही. म्हणजे हुकलं नसेल तर विचारायला हरकत नाही. साधा तर्क आहे.

हिराने पाटी उतरवली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अगो, पण हुकला काय नाय, ता इचारल्याशिवाय माका कळतला कसा?"

माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदवी आहे. मी ताट पुढे केलं.

तिने खाली बघत ताटात बांगडे मोजून घातले. आठ झाले, मग आणखी दोन. माशांवरून नजर न काढता, जणू बांगड्यांशीच बोलावं तशी म्हणाली, "बरे आसत आजचे. गोव्याक असले मिळूचे नाय, हां."

"बघून सांगतंय तुका," मी म्हटलं. "फुडल्या म्हयन्यात."

हिराचा हात ताटावरच थांबला. मग तिने पाटी डोक्यावर चढवली आणि पुढच्या तीन गिऱ्हाइकांची घरं टाकून सरळ समुद्राच्या वाटेला लागली, एवढ्या वेगाने मी तिला जाताना कधी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांनी लवूकाकांच्या होडीजवळ दिवाळीतली उरलेली फटाक्यांची माळ वाजली, आणि मग वाडीभर आरोळ्या. देवाला दिलेला शब्द कोणी मोडला नव्हता. विचारलं कोणीच नव्हतं.